पहिले पाऊल : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन



दरवर्षी सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या नगरकडील भाविकांना वाटेत राहुरी लागते. ऊस, बाजार आणि वाहनांची वर्दळ यांमुळे ओळखले जाणारे हे गाव आपण सहज मागे टाकतो. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच राहुरीत एका स्त्रीने आपल्या मनातील फार जुन्या भीतीशी झुंज दिली आणि ती जिंकली. त्या स्त्रीचे नाव लक्ष्मीबाई टिळक. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या; अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचे ख्रिस्ती जीवन घडले. तरीही मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने त्यांना आपले म्हणावे, अशी त्यांची योग्यता आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म इ. स. १८६८ साली नाशिकजवळ गोदावरीकाठी असलेल्या जलालपूर या गावी, गोखले यांच्या घरात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांना सोवळ्या-ओवळ्याचे इतके वेड होते, की बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याखेरीज घरात घेतली जात नसे. अमुक माणसाचा स्पर्श झाला की आपण विटाळलो, ही समजूत त्या मुलीच्या अंगी लहानपणीच भिनली. मुलीने शिकावे, अशी त्या घराची रीत नव्हती. अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. पती कवी, बुद्धिमान, पण वृत्तीने फिरता. आज या गावी तर उद्या त्या गावी. अक्षरओळख झाली ती पतीच्याच प्रयत्नाने, आणि तीही कशीबशी.

दिनांक १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबई येथे ख्रिस्ती स्नानसंस्कार स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पती जिवंत असून संसार मोडला होता. कडेवरचा दत्तू घेऊन त्या पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) पतीकडे परत आल्या, परंतु आपला धर्म आणि आपले सोवळे बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हा त्यांचा संयम आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. श्रद्धा ही हात धरून ओढून आणता येत नाही, हे त्यांना उमगले होते.

पुढे राहुरीला असताना, टिळक बाहेरगावी गेलेले असताना, लक्ष्मीबाई एके दिवशी विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत जसे निरनिराळे आकार असतात तसे माणसांतही त्याने केले नसते काय? सर्व माणसे सारखीच जन्मतात आणि सारखीच मरतात. मग हा भेद आला कोठून? हा तर्क त्यांना कोणत्या पुस्तकात सापडला नव्हता, कोणत्या प्रवचनातही त्यांनी तो ऐकला नव्हता. आपल्याच घरात बसून, आपल्याच बुद्धीने त्यांनी तो पूर्णत्वास नेला आणि त्याच दिवशी ठरविले, की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे.

हा निश्चय आज आपल्याला लहान वाटेल. परंतु ज्या देहाला जन्मापासून विटाळाची भीती शिकविली होती, त्या देहाने दुसऱ्याच्या हातचे पाणी ओठाला लावणे ही लहान गोष्ट नव्हती. येथे एक क्रम ध्यानात घ्यावा. लक्ष्मीबाईंनी प्रथम जातीची भिंत ओलांडली, स्नानसंस्कार त्यानंतर घेतला. टिळकांच्या स्नानसंस्कारानंतर सुमारे पाच वर्षांनी. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत हा क्रम उलटा झाला आहे. पवित्र पाणी पिढ्यान्‌पिढ्या मस्तकावर पडले. पण मुलामुलींच्या विवाहाची बोलणी सुरू झाली, की जुनी जात हळूच दारात येऊन उभी राहते. हे लिहिताना मला वेदना होतात, पण धर्मगुरू म्हणून ते लिहिणे माझे कर्तव्य आहे. राहुरीचा तो दिवस आपल्या कित्येक घरांत अजून उगवायचा आहे.

ज्या स्त्रीला परक्याची सावली नको होती, तीच पुढे नगरला प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णांची सेवा करू लागली. अनाथ व निराधार मुले तिच्या घरी वाढली. एका भीतीवर मात केल्याने दुसऱ्या भीतीला तोंड देण्याचे बळ तिला मिळत गेले.

सर्वांत मोठी कसोटी मात्र उतारवयात आली. दिनांक ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबई येथे निधन झाले. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे, ‘ख्रिस्तायन’ रचण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते; परंतु सुमारे दहा अध्यायच लिहून झाले होते. मराठीत असे कार्य त्यापूर्वी येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले होते. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ साली गोमंतकात राचोल येथे छापले गेले. फादर स्टीफन्स हे विद्वान होते, टिळक हे नामवंत कवी होते. आणि हे अपुरे काव्य पुढे नेण्यास उभी राहिली ती एकावन्न वर्षांची विधवा, जिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.

त्यांनी लेखणी उचलली. थोडेथोडके नव्हे, तर चौसष्ट अध्याय त्यांनी रचले. हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दरम्यान पुत्र देवदत्त यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे ते आत्मचरित्र इ. स. १९३४ पासून भागाभागांनी प्रकाशित झाले आणि मराठी साहित्यात त्याला कायमचे स्थान मिळाले. त्यात लक्ष्मीबाईंनी स्वतःची भीती, अज्ञान आणि फजिती काहीही झाकून ठेवलेले नाही. उलट त्या स्वतःलाच मनमोकळेपणे हसल्या आहेत. इ. स. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. दिनांक २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

धैर्य आधी मिळावे आणि मग कार्याला आरंभ करावा, अशी आपली अपेक्षा असते. पवित्र शास्त्रात मात्र तसे दिसत नाही. मोशे आपल्या जड जिभेची सबब सांगतो, तरी त्याला फारोकडे जावेच लागते. पवित्र मरिया देवदूताच्या शब्दाने गोंधळते, तरी होकार देते. लक्ष्मीबाईंची वाटही हीच होती. राहुरीत त्यांनी एकच निश्चय केला, आणि ‘ख्रिस्तायन’ पुढे नेताना त्यांना आधी एकच ओवी लिहायची होती. बाकीचे सामर्थ्य देवाने वाटेत दिले.

आपल्या धर्मग्रामात कोणी पवित्र मिस्सेत वाचन करण्यास भीत असेल, कोणी वर्षानुवर्षे दुरावलेल्या भावाच्या दारात जाण्यास कचरत असेल, कोणी जात न पाहता सून घरात आणण्याचा विचार मनातच दडपत असेल. अशांनी यंदा हरेगावला जाताना राहुरीत क्षणभर थांबावे, लक्ष्मीबाईंचे स्मरण करावे आणि मतमाउलीच्या चरणी एवढेच मागावे, की हे माते, सारी वाट दिसली नाही तरी चालेल. पहिले पाऊल टाकण्याची कृपा मला मिळवून दे.