काडीने हवा ओळखणारा प्रिस्टले

प्रॅक्टिकलला सर परीक्षानळी हातात देतात अन् विचारतात, यात कुठला वायू? दिसत तर काहीच नाही! मग विझत आलेली काडी आत धरायची. भडकली तर ऑक्सिजन. जळत्या काडीने फट्कन आवाज आला तर हायड्रोजन. चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड. निवळीला लागणारा चुना अर्धापूरच्या कुठल्याही पानपट्टीवर मिळतो.

दोस्तांनो, यातली पहिली परीक्षा आपल्याला जोसेफ प्रिस्टलेच्या प्रयोगांची आठवण करून देते. १७३३ साली इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेला हा माणूस पेशाने पाद्री. बोलताना अडखळायचा, तरी प्रवचनं द्यायचा, शिकवायचाही. १७६७ मध्ये लीड्सला राहायला गेला, तर शेजारीच बिअरचा कारखाना. तिथल्या पिंपांवर साचलेल्या हवेत त्याने पेटती काडी धरली, ती विझली. तो कार्बन डायऑक्साइड होता. तोच पाण्यात मिसळून त्याने सोडावॉटर केलं आणि १७७२ मध्ये कृतीही छापून टाकली.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने मोठ्या भिंगातून ऊन पाडून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. निघालेल्या हवेत मेणबत्ती झळाळून पेटली. पुढच्या वर्षी त्या हवेत उंदीर ठेवला, तो साध्या हवेपेक्षा जास्त वेळ तगला. मग ती हवा त्याने स्वतःही ओढून पाहिली. स्वीडनच्या शीलेला हा वायू आधीच सापडला होता, पण छापून आधी आलं प्रिस्टलेचं. ऑक्सिजन हे नाव दिलं लाव्हाझिएने. प्रिस्टले मात्र जळताना पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' निघतं, हेच शेवटपर्यंत धरून बसला. प्रयोग बरोबर, अर्थ चुकला!

फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली म्हणून १७९१ मध्ये बर्मिंगहॅमला जमावाने त्याचं घर अन् प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथेही प्रयोग चालूच होते. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी तो वारला.

गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात, तीही अशीच परीक्षा. कंदील विझला तर उतरायचं नाही. पण तेवत राहिला म्हणजे आत सगळं ठीक, असं समजू नका; काही विषारी वायू ज्योतीला कळतच नाहीत, काही तर तिनेच पेट घेतात. परीक्षा काय सांगते हे बघा, तसंच काय सांगत नाही हेही बघा.