सर्पजिव्हा नव्हे, शार्कचे दात!

कोपनहेगनच्या एका सोनाराच्या घरी १६३८ मध्ये जन्मलेले निकोलस स्टेनो हे मूळचे शरीररचनाशास्त्रज्ञ. १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ पकडलेल्या प्रचंड शार्कचे डोके टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनी त्यांच्याकडे विच्छेदनासाठी सोपविले. माल्टाच्या खडकांत सापडणारे, सापाच्या जिभा समजून विषावर उतारा म्हणून वापरले जाणारे दगड या माशाच्या दातांशी हुबेहूब जुळत होते. असा तर्क फाबिओ कोलोना यांनी १६१६ मध्येच केला होता. पण खडकात दात शिरला कसा, याचे उत्तर स्टेनोंनी १६६९ च्या ग्रंथात दिले. गाळ थराथराने साचतो, खालचा थर आधीचा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने बहुधा दातच उरतात, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशातून कोणते शार्क तगले, हेही त्यांवरूनच कळते. स्टेनोंनी मात्र विज्ञान सोडले. बिशप होऊन, अत्यंत विरक्त जीवन जगत १६८६ मध्ये श्वेरीन येथे त्यांचे निधन झाले.