अनाथांचे डॉक्टर यानुश कोर्चाक

पोलंड देशांतील वॉर्सा शहरीं १८७८ च्या सुमारास एका सुखवस्तु ज्यू वकिलाच्या घरीं हेन्रिक गोल्डश्मिट या मुलाचा जन्म झाला. हाच मुलगा पुढें यानुश कोर्चाक या नांवानें प्रसिद्धीस आला. एका लेखनस्पर्धेसाठीं त्यांनीं हें टोपणनांव एका जुन्या पोलिश कादंबरीवरून घेतलें आणि तेंच त्यांना जन्मभर चिकटलें. घरांत धर्माचार फारसा नव्हता. आपण ज्यू आहों हें त्यांना कळलें तें एका मेलेल्या कॅनरी पक्ष्यामुळें. लाडक्या पक्ष्याला पुरून त्यावर क्रूस उभारावा असें बाल हेन्रिकच्या मनांत आलें. तेव्हां रखवालदाराच्या मुलानें त्याला अडविलें. पक्षी ज्यूच्या घरचा म्हणून तोहि ज्यू, मग त्याला क्रूस कसला, असा त्या मुलाचा युक्तिवाद! मोठ्यांच्या मनांतील भेद लहानांच्या खेळांत कसा उतरतो याचें हें उदाहरण कोर्चाक वृद्धपणींहि विसरले नव्हते.

पुढें वडिलांना मनोविकार जडला व १८९६ सालीं ते वारले. घरची सुबत्ता ओसरली. हेन्रिकनें शिकवण्या करून घर सांभाळलें व १९०५ सालीं वैद्यकीय पदवी मिळविली. वॉर्सांतील ज्यू बालरुग्णालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. ग्रंथकार म्हणूनहि त्यांचा लौकिक वाढत होता. असा मनुष्य पुढें सुखानें आपला धंदा करीत राहिला असता तर त्याला कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु ज्यू अनाथ मुलांसाठीं क्रोखमाल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाची नवी इमारत उभी राहिली, तेव्हां १९१२ सालीं त्यांनीं रुग्णालय सोडून तेथील सुमारें शंभर मुलांचा भार अंगावर घेतला व पोटमाळ्यावरील एका खोलींत बिऱ्हाड केलें. त्यांच्या जोडीला स्टेफानिया विल्चिन्स्का ही बाई होती. तिचें नांव चरित्रांतून ओझरतेंच येतें. पण कोर्चाक लढाईवर गेले असतां आणि एरव्हींहि तो सारा संसार तिनेंच चालविला, हें आम्हांस येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

या घरांत शब्बाथ पाळला जात असे. (आपल्या कोकणांतील बेने इस्राएल लोकांना ‘शनवार तेली’ हें नांव ज्या व्रतामुळें पडलें तोच हा शब्बाथ.) अनाथाला छळूं नये अशी मोशेच्या नियमशास्त्रांत स्पष्ट आज्ञा आहे. ज्यू धर्मगुरूंची आणखी एक शिकवण मोठी मार्मिक आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशीं देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षमा मिळते. परंतु शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्या शेजाऱ्याचीच समजूत घातली पाहिजे, तोंवर तें पाप फिटत नाहीं. कोर्चाकांनीं आपल्या घरांत जें मुलांचें न्यायालय स्थापिलें तें याच शिकवणीवरून बेतलें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोहोंचें नातें वाचकांस सहज दिसेल.

हें न्यायालय असें असे. ज्याला कोणी दुखविलें असेल त्यानें फलकावर तक्रार नोंदवावी. त्या आठवड्यांत ज्यांच्यावर एकहि तक्रार नाहीं अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून पांच न्यायाधीश निवडले जात. निकालासाठीं कोर्चाकांनीं एक कलमांची संहिताच लिहिली होती. तिच्यांतील पहिलीं नव्याण्णव कलमें जवळजवळ सगळीं क्षमेचीं! फिर्यादीनें खटला परत घेतला म्हणून, आरोपीला पश्चात्ताप झाला म्हणून, त्याला ठाऊक नव्हतें म्हणून, अशीं क्षमेचीं नाना कारणें तेथें मांडलेलीं होतीं. शंभराव्या कलमापासून दोष ठरविण्यास आरंभ होई आणि मग शंभराशंभरांच्या टप्प्यांनीं कडकपणा वाढत जाऊन हजाराव्या कलमाखालीं मुलाला घर सोडावें लागे.

मोठ्या माणसांनाहि या न्यायालयापुढें उभें राहावें लागे. सहा महिन्यांत कोर्चाकांनीं स्वतःवर पांच वेळां फिर्याद केली. एका मुलाच्या कानशिलांत मारली, दुसऱ्याला निजण्याच्या खोलींतून बाहेर काढलें, एकाला कोपऱ्यांत उभें केलें, एका न्यायाधीशाचा अपमान केला आणि एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, असे ते पांच अपराध होत. दहा वर्षांचें पोर न्यायासनावर आणि साऱ्या शहराला ठाऊक असलेला डॉक्टर आरोपी! आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस हें चमत्कारिक वाटेल. परंतु अन्याय झाल्यावर कोणापुढें दाद मागावी हें ज्या मुलाला ठाऊक आहे, तें खोटेंपणाचा आश्रय कां करील?

त्यांची पैजेची युक्तिहि गंमतीची होती. भांडखोर मुलानें त्यांच्याशीं पैज लावावी, कीं या आठवड्यांत मी इतक्याच मारामाऱ्या करीन. आंकडा एकदम शून्यावर आणण्याचा आग्रह नसे. तो हळूहळू उतरला म्हणजे झालें. पैज जिंकल्यास खाऊ मिळे आणि जिंकली कीं नाहीं यास मुलाच्या शब्दाखेरीज पुरावा मागितला जात नसे.

१९२६ सालीं त्यांनीं मुलांनींच लिहिलेलें एक साप्ताहिक पत्र सुरू केलें. तें १९३९ पर्यंत चाललें. नभोवाणीवरून ते ‘म्हातारे डॉक्टर’ या नांवानें बोलत. श्रोत्यांना ते प्रिय होते. पण ज्यू असल्यामुळें त्यांचें खरें नांव सांगितलें जात नसे.

१९३९ सालीं जर्मनांनीं पोलंड घेतलें. पुढच्या वर्षीं वॉर्सांतील ज्यूंना भिंतीआड कोंडण्यांत आलें आणि अनाथालयालाहि आपली वास्तु सोडून तेथें जावें लागलें. मुलांची संख्या दोनशेंच्या घरांत गेली. साठी ओलांडलेले, आजारी कोर्चाक दारोदार फिरून मुलांच्या पोटासाठीं भीक मागत. अशा दिवसांत, १८ जुलै १९४२ रोजीं, त्या मुलांनीं रवींद्रनाथ ठाकुरांचें ‘डाकघर’ हें नाटक करून दाखविलें. खिडकींत बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल आपल्याकडील पुष्कळांच्या ओळखीचा आहे. मृत्यूला शांतपणें सामोरें जाण्यास मुलांनीं शिकावें म्हणून कोर्चाकांनीं हें नाटक निवडलें, असें सांगतात.

चारच दिवसांनीं, २२ जुलैला, माणसें भरभरून आगगाड्या त्रेब्लिंका येथील वधस्थानाकडे जाऊं लागल्या. भिंतीबाहेरील मित्रांनीं कोर्चाकांस लपविण्याची तयारी केली होती. त्यांनीं ती नाकारली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत अनाथालयाची पाळी आली. मुलें रांगेनें निघालीं. कोर्चाक आणि स्टेफानिया त्यांच्याबरोबर चालले. त्या प्रवासाविषयीं पुष्कळ आख्यायिका आहेत. त्या आम्ही येथें देत नाहीं. त्या गाडींतून गेलेलें कोणीहि परत आलें नाहीं.

त्रेब्लिंका येथें आतां सुमारें सतरा हजार ओबडधोबड शिळांचें स्मारक आहे. पुष्कळ शिळांवर गांवांचीं नांवें आहेत, कित्येकांवर कांहींच नाहीं. एका माणसाचें नांव असलेली शिळा एकच. तिच्यावर कोर्चाकांच्या नांवाला जोडून मुलांचाहि उल्लेख केलेला आहे.