वाणी किड्यांचे कुळ शोधणारे पोकॉक
पावसाळ्यात हात लागताच वेटोळे करणारा वाणी किंवा पैसा किडा सर्वांच्या परिचयाचा. या किड्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांत रेजिनाल्ड पोकॉक हे मोठे नाव. इंग्लंडमधील क्लिफ्टन येथे १८६३ साली त्यांचा जन्म झाला. १८८५मध्ये ते लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात रुजू झाले. तिथे कोळ्यांसोबत हे बहुपाद प्राणीही त्यांनी अभ्यासले. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचे रंग उडतात. शिवाय वेगळ्या जातींचे पट्टे सारखे दिसू शकतात. म्हणून बहुतेक जातींची पक्की ओळख नराच्या सातव्या कड्यावरील, समागमासाठी बदललेल्या पायांवरूनच पटते. पोकॉक यांनी १८८७मध्ये मांडलेला ‘पॉलिडेस्मिडा’ गण आजही मान्य आहे. पुढे १९०४ ते १९२३ त्यांनी लंडनचे प्राणिसंग्रहालय सांभाळले. १९४७ साली त्यांचे निधन झाले.