तारखात्यातील एक शिक्षक : लिऑन थेव्हेनिन

थेव्हेनिनचा सिद्धांत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस नावाने परिचित असतो; पण ते नाव ज्यांचे, ते गृहस्थ कोण होते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, विजेच्या वाटेस न जाणारे. तरीही त्यांच्यातील शिक्षकाने आमचे मन ओढून घेतले.

लिऑन चार्ल्स थेव्हेनिन यांचा जन्म फ्रान्समधील मो या गावी ३० मार्च १८५७ रोजी झाला. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधील शिक्षणानंतर १८७८ साली ते सरकारी तारखात्यात अभियंता झाले. जमिनीखालून दूरवर जाणाऱ्या तारांचे काम त्यांनी केले. १८८२ पासून खात्याच्या विद्यालयात अध्यापनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ओहम व किरखॉफ यांचे नियम तेव्हा ज्ञातच होते. परंतु रोधकांचे जाळे वाढले की समीकरणे वाढत, आणि एक रोधक बदलला की सारे गणित पुन्हा मांडावे लागे. थेव्हेनिन यांनी १८८३ मध्ये दाखविले की, कोणत्याही दोन टोकांकडून पाहता असे सारे जाळे एक बॅटरी व तिच्या जोडीला एकच रोधक यांप्रमाणे वागते. विद्यार्थिमित्रहो, वही घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीस ६ व ३ ओहमचे रोधक एकापुढे एक जोडा. ३ ओहमच्या टोकांशी ४ व्होल्ट दाब मिळेल. आता बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पा. त्याच टोकांकडून दोन्ही रोधक समांतर दिसतील व त्यांचा एकत्रित रोध २ ओहम भरेल. तेथे २ ओहमचा नवा रोधक लावल्यास त्यातून १ अँपिअर प्रवाह वाहील. ६ ओहमचा लावल्यास अर्धा. मूळ जाळ्याकडे पुन्हा वळावयास नकोच!

हे काही समकालीनांस पटले नाही. शिवाय जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी प्राणिदेहातील विजेचा विचार करताना हेच तत्त्व १८५३ मध्येच मांडले होते. थेव्हेनिन स्वतंत्रपणे तेथे पोहोचले. श्रेयाच्या वादात आम्ही पडत नाही. मात्र वर्गात उभे राहून कठीण विषय सोपा करण्याची निकड शिक्षकास अधिक जाणवते, असे आम्हांस वाटते.

पुढे १८९६ मध्ये ते त्याच विद्यालयाचे संचालक झाले. त्यांनी विवाह केला नाही. आईच्या नात्यातील एका विधवा स्त्रीच्या दोन मुलांना त्यांनी आपली मानली. व्हायोलिन व गळ टाकून मासे धरणे हे त्यांचे छंद होते. २१ सप्टेंबर १९२६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेस केवळ घरचीच माणसे असावीत आणि शवपेटीवर आपल्या बागेतील एका गुलाबाखेरीज काही ठेवू नये, अशी त्यांची इच्छा होती. मो येथेच त्यांचे दफन झाले.