हाती झाडू घेतलेला सेनापती

पावसाळ्यात पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालेली कुटुंबे मुळशीच्या जलाशयापाशी हमखास थांबतात. कणसे भाजली जातात, मुले पाणी पाहून हरखतात. त्या पाण्याखाली कुणाची शेते नि घरे आहेत, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते. त्या घरांसाठी तुरुंगात गेलेले पांडुरंग महादेव बापट तर अनेकांना केवळ रस्त्याच्या नावावरून ठाऊक असतात.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजातला हा बुद्धिमान विद्यार्थी १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेला. ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून ते १९०८ साली परतले. पुढे अज्ञातवास आणि अटकही वाट्याला आली.

सुटकेनंतर पारनेरला एक नवल घडले. विलायतेला जाऊन आलेला हा ब्राह्मण पहाटे उठून झाडूने गावचे रस्ते झाडू लागला, गटारे साफ करू लागला. मुलाच्या बारशाला त्याने पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावकऱ्यांची बसवली. पुढे १९२० साली मुंबईच्या झाडूवाल्यांनी संप केला, तेव्हा बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्याने स्वतः घाण उचलली, त्याला ते कष्ट समजावून सांगावे लागले नाहीत.

मुळशीत टाटा कंपनीचे धरण होऊ घातले होते. पाणी कोकणात भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज करायची होती. मात्र पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बापट त्यात उतरले, पुन्हापुन्हा तुरुंगात गेले आणि 'सेनापती' झाले. पण नुकसानभरपाईच्या प्रश्नावर जमीनमालक सावकार आणि कसणारे मावळे यांच्यात फूट पडली. अखेर १९२४ साली बापटांनी पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. अहिंसेची वाट सुटली, सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालेच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी सेनापती गेले.

दोनच वर्षांनी, १९६९ साली, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आली. मुळशीतच खुबवली येथे १९९७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महाविद्यालयात देशोदेशीची मुले समाजसेवा हा शिक्षणाचाच भाग म्हणून करतात. शाळाशाळांतूनही श्रमदानाचे तास होतात. चांगलेच आहे. मात्र वहीत सही मिळाली की सेवा संपली, असे मुलांना वाटू लागले तर त्यातले शिक्षण हरवते. बापटांची सेवा घरापुढच्या रस्त्यावर सुरू झाली आणि माणसांची ओळख होत होत मुळशीपर्यंत पोहोचली.

पुढच्या वेळी जलाशयाकाठी थांबाल, तेव्हा कणसाची बुरकुंडे मुलांच्याच हाताने गोळा करून घ्या. आणि परतताना गाडीत त्यांना पाण्याखालच्या गावांची गोष्ट सांगा.