ओहम : कुलुपे घडविणाऱ्याच्या मुलाने मांडलेले विजेचे गणित

वरळीच्या बीडीडी चाळीतील खोली अवघ्या १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात बांधलेल्या या खोल्यांमध्ये संसार वाढत गेले. पंखा आला, दूरचित्रवाणी संच आला, फ्रीज, मिक्सर आणि इस्त्रीही आली. भिंती मात्र होत्या तेथेच राहिल्या. एकाच बोर्डावर इस्त्रीसोबत पाणी तापवायची कॉइल लावली की फ्यूज उडतो आणि खोली अंधारते, हा अनुभव चाळकऱ्यांना नवा नाही. तो का उडतो, याचे उत्तर ज्याच्या शोधातून मिळते, त्या जॉर्ज सायमन ओहमचे आयुष्यही अशाच अडचणीत गेले.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. पण स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान शिकून त्यांनी ते मुलांना शिकविले. सात भावंडांपैकी तिघेच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. १८०५ मध्ये तो विद्यापीठात दाखल झाला खरा, पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या घसरगुंडीत रमला. संतापलेल्या वडिलांनी त्याचे शिक्षण थांबविले आणि तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. पुढे परतून १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. पण पदवीने पोट भरले नाही. तुटपुंज्या पगाराची मास्तरकी हेच त्याच्या वाट्याला आले.

१८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत नोकरी लागली आणि त्याचे नशीब थोडे उघडले. शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि वडिलांच्या कारखान्यात हातांना लागलेले वळण येथे कामी आले. वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून वीज किती वाहते, हे तो मोजू लागला. त्या काळच्या विद्युतघटांचा जोर सारखा बदलत असे. त्यामुळे १८२५ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चुकले. त्याने हार मानली नाही. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने घटाऐवजी तांबे आणि बिस्मथ यांचा जोड वापरला. जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले की विजेचा दाब स्थिर राहतो. १८२६ मध्ये त्याला खरे उत्तर गवसले आणि १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला.

शोध अगदी साधा होता. तारेचे तापमान कायम असेल, तर दाब वाढेल त्या प्रमाणात धारा वाढते. दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, धारेने भागले की तारेचा रोध मिळतो. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. एखादी इस्त्री ५ अँपिअर धारा घेत असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम हा तिचा रोध. आणि २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वॅट ही तिची शक्ती.

तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हिशेब इंग्लंडच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास मांडला. ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इस्त्रीच्या जोडीला तेवढीच धारा घेणारी कॉइल लावली, तर धारा १० अँपिअर होते. पण भिंतीतील वायरमध्ये उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. अशा वेळी फ्यूजची बारीक तार आधी वितळते आणि घर वाचते. ती उडते म्हणून तिच्या जागी जाड तार गुंडाळणे, हे म्हणूनच आगीला आमंत्रण ठरते.

आज शाळकरी मुलांना ठाऊक असलेले हे सूत्र तेव्हाच्या जर्मन विद्वानांना मात्र रुचले नाही. निसर्गाला गणितात बांधण्याचा हा प्रयत्न त्यांच्यातील अनेकांना पोकळ वाटला. ज्या प्राध्यापकपदाची ओहमला आशा होती, ते मिळाले नाही. निराश होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये थोड्याफार शिकवण्यांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्याला जागा मिळाली. खरा मान परदेशातून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ले पदक दिले. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. म्युनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद १८५२ मध्ये लाभले आणि अवघ्या दोन वर्षांत, ६ जुलै १८५४ रोजी, त्याने जगाचा निरोप घेतला. तो अविवाहितच राहिला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले. ते पाहायला तो हयात नव्हता.

वरळीतील काही चाळी पाडून तेथे आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले की उपकरणे वाढणार, कदाचित वातानुकूलन यंत्रही येणार. भिंत नवी असली, तरी वायरीतील हिशेब जुनाच राहील. नवे उपकरण घेताना त्यावरील वॅटचा आकडा २३० ने भागून पाहावा. येईल ती धारा सॉकेटला आणि वायरीला झेपणारी आहे ना, एवढे तपासावे. कुलुपे घडविणाऱ्याच्या मुलाने आयुष्य खर्चून मिळविलेले ज्ञान त्या एका भागाकारात आहे.